आईंचा हात प्लास्टरमध्ये आहे : भुलाबाई ते त्रिपुरी, घरचं हातकाम कसं निभवावं?

शेवंती | १४ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अडचण एक नाही, एकीमागून एक अशा बऱ्याच आहेत.

आम्ही नागपुरात मानेवाड्याला चौथ्या मजल्यावर राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, सहावीतला मुलगा आणि तिसरीतली लेक. पोळ्याच्या आदल्या दिवशी आई ओट्याजवळ घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर दसऱ्याच्या सुमारास निघेल, पण मुठीत जोर यायला दिवाळी उलटेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

आमच्या घरी भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई बसते. मागच्या रविवारी चितारओळीतून भुलाबाई-भुलोजींची, म्हणजे पार्वती-शंकराची, जोडी आणली. रोज संध्याकाळी बिल्डिंगमधल्या सात-आठ मुली येतात, गाणी होतात, डबा वाजवून खिरापत ओळखली जाते. इथपर्यंत निभतंय. पुढचं मात्र सगळं आईंच्या हातचं असतं. कोजागिरीचा ज्वारीच्या धांड्यांचा मखर, नवरात्रातली कापसाची वस्त्रमाळ, दिवाळीचा आकाशकंदील, वर्षभराच्या वाती आणि त्रिपुरीला जाळायच्या साडेसातशे वाती. मला या घरात येऊन १४ वर्षं झाली. या १४ वर्षांत मी डबे भरले, फराळ केला, ऑफिस सांभाळलं, पण या कामांना माझा हात लागलाच नाही. आई दुपारी करून ठेवायच्या आणि मी संध्याकाळी आयतं बघायची. त्याचं आता फार वाईट वाटतंय.

काल वस्त्रमाळ करून पाहिली. औषधाच्या दुकानातून कापसाचा गुंडाळा आणला होता. तीन मणी झाले की धागा तुटतो. आई बाजूला बसून डाव्या हाताने हवेत करून दाखवत होत्या, "असं धर, असं वळ," आणि मला काही केल्या जमेना. शेवटी त्यांनाच रडू आलं.

आणखी एक. लेकीचं मन रमावं म्हणून आकाशकंदिलाचा तयार संच आणला होता. कापलेले पुठ्ठे, चिकटपट्टी, टिकल्या. २० मिनिटांत झाला. तिने तो कपाटावर ठेवला आणि परत पाहिलाही नाही. त्या तुटक्या वस्त्रमाळेसाठी मात्र ती दोनदा येऊन विचारून गेली, "ही खरंच देवीला घालायची ना? मग नीट करू ना आपण." तेव्हापासून माझ्या मनात बसलंय की पोरांना घरातलं खरं काम हवं असतं, बिघडलं तर घराचं अडेल असं.

तर कापूस कुठला घ्यावा? फ्लॅटमध्ये मखर कसा उभा करावा? या दोन महिन्यांत मुलांना घेऊन मी काय शिकू शकते आणि काय यंदा सोडून द्यावं? मोकळेपणाने सांगा.

सरकी | १४ सप्टेंबर, रात्री ११:२५

ताई, दोष तुमच्या हाताचा नाही, कापसाचा आहे. माझी सगळी नोकरी कापसात गेली म्हणून खात्रीने सांगतो.

औषधाच्या दुकानातला कापूस उकळून, विरंजन करून आलेला असतो. तंतूवर निसर्गाने दिलेला मेणाचा पातळ थर त्यात निघून जातो, म्हणून तर तो पाणी झटकन पितो. जखमेसाठी ते बरोबर आहे. शिवाय तो बहुतेक सूतगिरणीत मागे पडलेल्या आखूड तंतूंचा असतो. आखूड तंतू एकमेकांना धरत नाहीत, पीळ दिला की सुटतात. तुम्हाला हवा बोंडातला कापूस, सरकीसकट. आपल्याकडच्या कापसाचा तंतू २८-३० मिलिमीटर भरतो, तो पीळ धरतो.

नवीन कापूस एवढ्यात येणार नाही. पहिला वेचा दसऱ्याच्या आगेमागे निघतो. सध्या कुणा शेतकरी नातेवाइकाकडे मागच्या वर्षीचा पडला असेल तर बघा. काटोल, उमरेड, हिंगणघाट, कुठेतरी कुणीतरी असतंच. नाहीच मिळाला तर गादीवाल्याकडून नवी रुई मागा, मात्र जुन्या गादीतला पिंजलेला कापूस घेऊ नका.

प्रमाण सांगून ठेवतो. एक किलो कापसातून साधारण ३३० ते ३५० ग्रॅम रुई निघते, बाकी सरकी. वर्षभराच्या वाती अन् वस्त्रमाळांना अर्धा किलो कापूस भरपूर झाला.

सरकी काढायला पाट घ्या, त्यावर थोडा कापूस पसरा आणि बोटाएवढी गुळगुळीत लोखंडी कांब लाटण्यासारखी फिरवा. सरकी पुढे टुणकन उडते, रुई मागे राहते. हे काम तुमच्या सहावीतल्या मुलाला द्या.

रेशीमबागेतली आजी | १५ सप्टेंबर, सकाळी ६:१०

शेवंती बेटा, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. हात बांधलेला असताना दुसऱ्याचा चुकणारा हात बघणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी महिनाभर असंच काढलं.

आता वस्त्रमाळ. बोटांनी कापूस मोकळा कर, त्यातला कचरा वेच. मग त्याची हातभर लांब, सगळीकडे सारखी अशी सैल पट्टी कर. कुठे जाड कुठे बारीक झाली की तिथेच तुटणार. वाटीत थोडं दूध घे. जिथे मणी हवा तिथला कापूस फुगीर सोडायचा आणि दोन मण्यांच्या मध्ये दुधाच्या बोटांनी पीळ द्यायचा. ओढायचं नाही. नवीन माणूस नेमकं तेच करतं. पीळ देत देत हात मागे घ्यायचा, धागा आपणहून लांबतो. वात वळताना तळहाताला चिमूटभर राख लाव, कापूस निसटत नाही. उदबत्तीची राख चालते.

माझं शिक्षण वर्धेजवळच्या बुनियादी शाळेत झालं. १९३७च्या ऑक्टोबरात वर्धेला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी नई तालीम मांडली, हाताच्या उद्योगातून शिक्षण. त्या वळणाची ती शाळा. आम्हाला टकळीचा तास होता. आधी पेळू करायचे, मग सूत काढायचं, मग ते मोजायचं. गणितातली गुणाकाराची भीती माझी सुताच्या तारा मोजताना गेली. तू लेकीबद्दल लिहिलंस ना, ते वाचून तो वर्ग आठवला. आमचं सूत खरंच विणकराकडे जायचं. कच्चं निघालं तर परत यायचं. त्या परत येण्याची लाज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी हात आपोआप नीट चालायचा.

साडेसातशे वाती एकदम करायला बसू नकोस. दसऱ्यापासून वैकुंठ चतुर्दशीच्या आदल्या दिवसापर्यंत ३३ दिवस मिळतात. रोज २३ केल्यास तर ७५९ होतात. तिघांत वाटून घेतल्या तर एकेकाच्या वाट्याला आठसुद्धा येत नाहीत.

बर्डी ते बुटीबोरी | १५ सप्टेंबर, दुपारी १:३०

मखराचं मी सांगतो. आमच्या घरी चार बहिणी, धांडे आणायचं काम माझं. अजूनही मीच आणून राहिलो, आता भाच्यांसाठी.

धांडे कणसासकट हवेत. पूर्वी शहराबाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी दिसायची, आता सगळीकडे सोयाबीन. म्हणून कोजागिरीच्या आदल्या दिवशी शोधायला निघू नका. कॉटन मार्केटला किंवा सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजीवाल्या बाईंना आठवडाभर आधी सांगून ठेवा. त्या गावाकडून बरोबर आणतात. पाच धांडे, एकसारख्या उंचीचे, आणि दोन जास्तीचे, कारण लिफ्टमध्ये एखादा मोडतोच.

फ्लॅटमध्ये माती नाही, खड्डा नाही. आम्ही लाकडी स्टूल उलटं ठेवतो. चारही पायांना एकेक धांडा सुतळीने बांधायचा, वर चारही कणसं एकत्र आणून गाठ मारायची, पाचवा मधोमध त्या गाठीला धरून उभा करायचा. स्टुलाच्या पोटात पाट ठेवला की भुलाबाई बसल्या. पाय अन् सुतळी झाकायला झेंडूच्या माळा. वाऱ्याने हलत नाही, गॅलरीतही राहतो.

अन् एक, तुमच्या पोराला गाण्यातही बसवा. आम्हाला लहानपणी बाहेर काढायचे, खिरापत तेवढी मिळायची. सगळी गाणी पाठ असूनही कधी म्हटली नाहीत याची अजून हळहळ वाटते.

ओंजळ | १५ सप्टेंबर, रात्री ९:५०

धागा छान आहे, पण एक वेगळी बाजू मांडते. मी सकाळी आठला घर सोडते, रात्री आठला येते. घरात मोठं माणूस नाही. माझ्या मुलाला पणत्या रंगवायचा तयार संच मी दर दिवाळीला आणते आणि ती एक दुपार आम्हा दोघांची असते. त्यात काही कमी आहे असं मला वाटत नाही. "खरं काम" हवं म्हटलं की ज्या आईकडे वेळ नाही तिच्या डोक्यावर अजून एक ओझं चढतं. धांडे, कापूस, बांबू, हे जमवण्यातच तिची सुट्टी संपेल.

शेवंती | १५ सप्टेंबर, रात्री १०:३०

ओंजळ, तुमचं म्हणणं पटलं. मी संचाला कमी लेखलं, तसं लिहायला नको होतं. मलाही आठवड्यातून पाच दिवस ऑफिस आहे, त्यामुळे ओझं म्हणजे काय ते कळतं. माझं म्हणणं वस्तू कुठून आली याबद्दल कमी आणि पुढे तिचं काय होतं याबद्दल जास्त आहे. तुमच्या मुलाने रंगवलेल्या पणत्या दारात लागत असतील तर ते खरंच काम झालं. आमचा कंदील कपाटावर गेला, कारण टांगायचा दुसराच आणायचा असं आम्ही मोठ्यांनी आधीच ठरवलं होतं. चूक तिथे झाली.

ओंजळ | १५ सप्टेंबर, रात्री १०:४५

दारात लागतात. तो तेल घालत फिरतो. हे पटलं.

निळाई | १८ सप्टेंबर, रात्री ८:१५

दीक्षाभूमीपासून चालत १० मिनिटांवर आमचं घर. आमच्याकडे शरदातलं हातकाम म्हणजे दसऱ्याची तयारी. १४ ऑक्टोबर १९५६ला दसराच होता, बाबासाहेबांनी दीक्षा दिली तो दिवस. आमच्याकडे दसऱ्याला अशोक विजयादशमी म्हणतात. मराठवाड्यातून, अकोल्याकडून नातेवाईक येतात, तीन दिवस घरात २५-३० माणसं असतात.

महिनाभर आधी आजी शिलाई मशीन काढते. पंचशील ध्वजाच्या पट्ट्या घरी शिवतो. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, आणि शेवटच्या उभ्या पट्टीत हेच पाच रंग आडवे. ही सहावी पट्टी जोडणं सगळ्यात कठीण, कारण पाच छोटे तुकडे एका मापाचे यावे लागतात. मी नववीत असताना पहिल्यांदा ती पट्टी सरळ आली, तेव्हा आजीने तो ध्वज दारावर लावला. आधीचे वाकडे ध्वज मागच्या खोलीत लागायचे. कुणी रागावलं नाही, पण कुठला ध्वज कुठे लागतो ते मला कळायचं.

आईच्या विरलेल्या पांढऱ्या साड्यांमधून लहान मुलींचे पांढरे फ्रॉक होतात. साडीचा काठाकडचा भाग घट्ट राहतो, तो घेराला घेतो. यंदा माझी पुतणी पाच वर्षांची झाली. तिला बटणं लावायला बसवलंय, एका फ्रॉकला तीन.

सरकी | १९ सप्टेंबर, सकाळी ७:३०

निळाई, सहाव्या पट्टीचं वाचून उठून बसलो. आमच्या घरून दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पाणी अन् पोहे वाटतो. या वर्षी दारातला ध्वज नीट बघेन.

शेवंती | ७ ऑक्टोबर, रात्री ११:००

कोजागिरी काल झाली. सविस्तर सांगते.

कापूस नणंदेच्या सासरहून आला, कळमेश्वरहून, मागच्या वर्षीचा. सरकीकाका, कांबेची युक्ती मुलाला इतकी आवडली की दोन दिवस घरात सरकी लोळत होती. वस्त्रमाळ घटस्थापनेच्या दिवशी पाचव्या प्रयत्नात झाली. २१ मणी, त्यातले सात लेकीचे. तिचे मणी मोठे आलेत, आईंनी तेच मधोमध घ्यायला लावले. आजी, "ओढायचं नाही" हे वाक्य मी ओट्यावर लिहून चिकटवलं होतं.

धांडे बुधवार बाजारातून सांगून आणले. स्टूल उलटं ठेवून मखर उभा राहिला, एकदाही डुलला नाही. बर्डीवाले दादा, मुलगा गाण्यात बसला. आधी दाराशी उभा राहून, मग टिपऱ्या हातात घेऊन. त्यालाच सगळ्यात जास्त गाणी पाठ निघाली, रोज आतल्या खोलीत अभ्यास करता करता ऐकत होता. रात्री दूध चांदण्यात ठेवलं, चारोळी घातली. आश्विनीचं ओवाळणं पहिल्या अपत्याचं असतं, म्हणून तो पाटावर बसला. ओवाळायच्या निरांजनातली फुलवात त्यानेच वळलेली होती. पूर्ण वेळ वातीकडेच बघत होता, विझते की काय म्हणून. नाही विझली.

आईंचं प्लास्टर ३ तारखेला निघालं. हात बारीक झालाय. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम दिलाय, तो त्या टाळतात.

आता कंदील. बाबा म्हणाले, बांबू आण, मी सांगतो. पण त्यांनाही ४० वर्षं झाली केल्याला. कुणी मापं देईल का?

नंदनवन | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

मापं देतो, चांदणीची. पहिल्यांदा करणाऱ्याला हीच बरी, कामटी वाकवावी लागत नाही.

बुरडाकडे जा आणि पतंगापेक्षा जाड, पेन्सिलपेक्षा बारीक कामट्या मागा. दोन फुटांच्या १०, पाच इंचांच्या पाच. चाकूने कूस काढून घ्या, बांबूचं कूस बोटात गेलं की पोरं परत हात लावत नाहीत. पाच लांब कामट्यांची एक चांदणी जमिनीवर मांडा, टोकं सुती दोऱ्याने आठच्या आकड्यात बांधा. अशीच दुसरी. दोन्ही एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधायची. आता आत, जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी, दोन चांदण्यांच्या मधे छोट्या कामट्या उभ्या खोचून बांधा. सपाट चांदणीला पोट येतं. ही वेळ मुलांना दाखवायची, त्यांचे डोळे मोठे होतात.

खळ मैद्याची, पातळ शिजवलेली. बाइंडर लोक त्यात मोरचूद घालतात कीड लागू नये म्हणून, पण ते विष आहे, घरात पोरं असताना नको. दिवाळीपुरती साधी खळ टिकते. पतंगाचा कागद अर्धा इंच जास्त कापा, कामटीवरून आत वळवून चिकटवा. वाळल्यावर ओल्या कापडाचा अगदी हलका हात फिरवा, कागद वाळताना ताणला जातो आणि ढोलकीसारखा वाजतो. एक त्रिकोण मोकळा ठेवा, दिवा सोडायला. दिवा एलईडीचाच, साध्या बल्बने कागद तापतो. झिरमिळ्या शेवटी.

संत्रा नगरी | ९ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नागपूरचा धागा आणि अजून संत्र्याचं नाव नाही! आंबिया बहाराची फळं आता बाजारात येऊ लागतील. सालीच्या पणत्या करून बघा. इतरत्र लोक संत्र्याच्या मधल्या पांढऱ्या देठाचीच वात करतात. आपल्या संत्र्यात ते जमत नाही, ते मधे पोकळ असतं. पण साल सैल असते, हा फायदा. आडवी चीर द्यायची, अंगठ्याने हळूहळू सोडवायची, अख्खी वाटी सुटून येते. त्यात तेल आणि तुमची फुलवात. तापल्यावर सालीचा वास घरभर. एका पणतीवर भरवसा ठेवू नका, साल वाळली की कडा करपतात. रात्रीपुरती.

राहिलेली साल सावलीत वाळवून कुटून उटण्यात घालतो आम्ही.

सक्करदरा | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:००

दिवाळीनंतर हात रिकामे राहू नयेत म्हणून लिहितेय. थंडी पडायच्या आत एक गोधडी घाला. माझी माय वाकळ म्हणायची.

सुतीच लुगडी घ्या, नायलॉन मिसळलेलं घेतलं तर थर सरकतात आणि उबही येत नाही. दोन लुगडी खाली-वर, मधे जुनी धोतरं, चादरी, जे विरलेलं असेल ते. जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, सुरकुती एकही नको. आधी वीतभर अंतराने मोठे कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे. मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात फिरत फिरत मधे यायचं. मधून सुरू केलं तर कडेला झोळ येतो, हे मी एक अख्खी गोधडी उसवून शिकले. दोघी-तिघी समोरासमोर बसल्या तर काम धावतं, आणि हात गुंतलेले असले की माणसं जे एरवी बोलत नाहीत तेही बोलतात. माझ्या जावेशी माझं सात वर्षांचं अबोलं गोधडीच्या तिसऱ्या दिवशी संपलं. एवढंच सांगते, बाकी घरातलं.

शेवंती | २४ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

दिवाळी झाली. धावत लिहिते.

कंदील टांगला. बाबा आणि मुलगा दोन रविवार गॅलरीत बसले होते. पहिली चांदणी वाकडी झाली, कारण कामट्या सारख्या नव्हत्या. मुलगा म्हणाला, चालेल. बाबांनी सोडली आणि परत बांधायला लावली. तो चिडून आत गेला, पाऊण तासाने आपणहून आला. मी मधे पडले नाही, खूप कठीण गेलं ते. खालून रस्त्यावरून चौथ्या मजल्याचा कंदील दिसतो. शाळेतून येताना तो मान वर करूनच येतो.

संत्र्याच्या पणत्या लेकीच्या. १२ केल्या, आठ लागल्या, वास सुंदर. अनारसे मात्र यंदा सोडले. तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि मग तुपात तळताना जाळी पडायला हवी, हे आईंच्या देखरेखीशिवाय करायची माझी हिंमत नव्हती आणि त्यांना ओट्याजवळ उभं करायचं नव्हतं. कुणाला काही वाटलं नाही.

फक्त वाती मागे पडल्या. दिवाळीचे सहा दिवस कुणीच बसलं नाही.

रेशीमबागेतली आजी | २४ ऑक्टोबर, सायंकाळी ६:४०

सहा दिवस म्हणजे १३८ गेल्या. नऊ तू जास्तीच्या धरल्या होत्यास, म्हणजे १२९ कमी पडतील. घाबरू नकोस. रोजच्या २३ मात्र आता चुकवू नकोस. आणि सासूबाईंना वाती दे, चेंडूपेक्षा बरा व्यायाम आहे.

शेवंती | ६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आजी, तुमचा हिशेब तंतोतंत. ४ तारखेला, चतुर्दशीच्या संध्याकाळी, डब्यात ६२१ होत्या.

जेवणं लवकर उरकली आणि सगळे सतरंजीवर बसलो. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा वात वळली. समोरच्या फ्लॅटमधल्या दोघी मायलेकी आल्या. आईंनी चेंडू बाजूला ठेवला, डाव्या तळहाताला राख लावली आणि उजव्या हाताने वळायला घेतलं. पहिली सुटली. दुसरी जाड झाली. कुणी काही बोललं नाही, सगळे आपापल्या वातीकडे बघत राहिलो. पावणेअकराला लेकीने मोजणी संपवली, ७५०. त्यातल्या ११ आईंच्या. तिने त्या ओळखून वेगळ्या काढल्या होत्या. मला वाटलं, जाड आहेत म्हणून. तर म्हणाली, "या सगळ्यात वर ठेवायच्या, आधी पेटल्या पाहिजेत."

रात्रभर तुपात भिजवल्या आणि काल संध्याकाळी मोठ्या दगडी पणतीत गॅलरीत लावल्या. बराच वेळ जळत होत्या. बाबा खुर्ची घेऊन शेवटपर्यंत बसले.

आता गोधडी. सक्करदराताईंनी सांगितलं तसंच करायचंय. आमच्याकडे जुन्या चादरी आहेत, पण सुती लुगडं एकच निघालं, ते आईंच्या सासूबाईंचं. दुसरं एक लागेल. आणि आमच्यात कुणालाच पहिला कच्चा टाका घालायचा धीर होत नाहीये.

रेशीमबागेतली आजी | ७ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

माझ्याकडे तीन नऊवारी आहेत, धुऊन घडी घालून ठेवलेल्या. पत्ता निरोपातून पाठवते. रविवारी चारनंतर सासूबाईंना घेऊन ये, कच्चे टाके इथेच घालू, माझी बैठकीची खोली मोठी आहे. मुलाला नक्की आण. सुईत दोरा ओवणं मला आता जमत नाही, ते काम त्याचं.